काढलं काय ते आधी सांगा

माणसाचं काही गेलं की माणूस रडतो, नाहीतर शेजाऱ्यावर संशय घेतो. पण काही गेलं की ज्याच्या डोळ्यांत चमक येते असा माणूस तापीच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. आम्ही दोघंही तापीकाठच्या प्रकाशा गावचे जवाई. थोरली बहीण त्यांना दिली, धाकटी मला. थोरलीच्या वेळेला सासऱ्यांनी गावोगाव फिरून शिकलेला मुलगा शोधला. धाकटीच्या वेळेला त्यांचे पाय दुखत असावेत. म्हणून साडूभाऊ नंदुरबारला कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढतात आणि मी रनाळ्याचा गवंडी, त्यांनी काढलेलं बांधतो. शाळेशी माझा संबंध म्हणाल तर गुरुजींनी एकदा शाळेच्या कंपाउंडसाठी विटा उचलायला लावल्या, तेवढाच एक धडा माझ्या डोक्यात बसला, आणि त्याच्यावरच आजपर्यंत पोट भरतो.

तर त्यांची ही जी गेलेल्या वस्तूची आवड आहे, ती कुठपर्यंत जाते बघा. त्यांची दाढ काढली तेव्हा लोक जसे गाल धरून घरी जातात तसे ते गेले नाहीत. त्यांनी डॉक्टरकडून दाढ मागून घेतली, खिशात ठेवली, आणि पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला विचारत होते, "मन्हं बोलनं बदलनं का रे? नीट आयक. 'शेंगदाना' म्हनू का?" स्टँडजवळचं कडुनिंबाचं झाड तोडलं, तर भर दुपारी हा माणूस जिथं सावली पडायची तिथं उन्हात जाऊन उभा. मी म्हटलं, "साडूभाऊ, सावली गयी." तर म्हणाले, "तेच दखी ऱ्हायनू. सावली गयी, पन लोके आजूनबी आठेच थांबतस." आणि खरंच, दोन बायका पिशव्या घेऊन तिथंच थांबलेल्या होत्या, झाड नाही हे त्यांच्या पायांना कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा एक एसटीची फेरी बंद झाली. ज्या वेळेला ती गाडी यायची त्या वेळेला साडूभाऊ स्टँडवर जाऊन बसले, गाडी न आल्यावर काय काय होतं ते बघायला. मी त्यांना शोधत गेलो आणि त्यांच्या शेजारी बसून न येणाऱ्या गाडीची वाट बघितली. अर्ध्या तासानं मला वाटायला लागलं, येईल. असा मी.

त्यांचं ऑफिस मिरचीच्या एका गोदामावर, वरच्या मजल्यावर. हंगामात खाली मिरचीचा ट्रक उतरायला लागला की वर गिऱ्हाईक, साडूभाऊ आणि कॉम्प्युटर तिघंही शिंकतात. शिंक आली की हात हलतो, हात हलला की रेघ हलते. त्यांच्या जुन्या नकाशात एखादी भिंत उगाच तिरकी दिसली तर समजावं, ती ट्रकची आहे. मी अशा दोन तिरक्या भिंती मनापासून बांधल्या आहेत. मालकानं विचारलं तेव्हा म्हटलं, वास्तूप्रमाणं आहे. माझा एक नियम आहे: नकाशात जे आहे ते बांधायचं, विचारायचं नाही. विचारलं की आपल्याला कळत नाही हे दुसऱ्याला कळतं. न विचारता बांधलं तर ते उशिरा कळतं, आणि तोपर्यंत प्लास्टर झालेलं असतं.

नकाशा काढायची त्यांची पद्धत जगावेगळी. बाकीचे लोक आधी प्लॉटच्या हद्दी काढतात, मग भिंती, मग दारं. साडूभाऊ आधी खाट काढायचे. मोकळ्या पडद्यावर मधोमध एक खाट. घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याची. मग ती खाट इकडे सरकव, तिकडे सरकव, तिच्यावर वारा कुठून येईल, तिच्यावरून दारात कोण आलं ते दिसेल का, मोरीकडे जाताना किती पावलं पडतील, हे सगळं झालं की मग त्या खाटेभोवती घर. गिऱ्हाईक म्हणायचं, "साहेब, मॉड्युलर किचन कुठे?" हे म्हणायचे, "थांबा, तुमच्या वडिलांची उंची किती?"

एकदा धडगावकडच्या एका मास्तरांचं काम आलं. साडूभाऊ जागा बघायला शेअरिंगच्या जीपमध्ये गेले, घाटात मागच्या शिडीवर लटकत, कारण आत जागा नव्हती आणि त्यांना उतार मोजायचा होता. परत आले, खाट ओसरीत टाकून नकाशा काढला. मास्तरांचे वडील सातपुड्यातले जुने शेतकरी, ते मुलाबरोबर ऑफिसात आले होते. त्यांनी पडद्याकडे बघून मुलाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मास्तर हसून म्हणाले, "वडील विचारतात, मला आत कशाला कोंडलं? आमच्याकडे खाट अंगणात असते." साडूभाऊंनी तिथल्या तिथं खाट उचलून मोहाच्या झाडाखाली नेली, आणि म्हाताऱ्याकडे बघून विचारलं, "आता?" म्हातारा उठून पडद्याजवळ आला, बोटानं ती खाट अजून थोडी सरकवायला लावली, मग बसला. मला त्या दिवशी फार नवल वाटलं. मी वर्षानुवर्षं घरं बांधतो, मला एकदाही कुणी सरकवायला लावलं नाही. उलट पाडायला लावलं आहे.

ही खाट कुठून आली ते सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमचे सासरे, आबा, प्रकाशाला मुलाकडे राहतात. मुलानं, म्हणजे आमच्या शालकानं, जुनं घर पाडून पक्कं बांधलं. नकाशा शहाद्याच्या कोणाकडून तरी काढला. सगळं झालं, हॉल झाला, किचन झालं, वर बेडरूम झाल्या, आणि आबांची खाट कुठे टाकायची हा विचार घरभरणीच्या दिवशी खाट दारात आल्यावर सुरू झाला. मग ती दिवसा भिंतीला उभी राहायची आणि सगळे झोपले की बोळात आडवी व्हायची. कोणी वाईट नव्हतं हो. सून चांगली, मुलगा चांगला, फक्त घरात जागा नव्हती. आबा कधी बोलले नाहीत. पण त्यांना एक सवय लागली: कुठेही गेले की आधी बघायचे, आपण कोणाच्या वाटेत तर नाही ना, आणि दाराशी काठी टेकून उभे राहायचे. साडूभाऊंनी ते बघितलं, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक नकाशात पहिली खाट.

त्यांना आबांना आपल्याकडे आणायचं होतं. पण ते स्वतः नंदुरबारला भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि दुसरं म्हणजे आबा जुन्या वळणाचे. लेकीकडे आले की स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येणार, चहा आग्रहानं अर्धा कप, आणि दिवस बुडायच्या आत निघणार. "लेकना छतखाले बाप ऱ्हायना, आसं आमना घरमा कव्हय व्हयनं नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याच्यापुढं माझी मंडळी रडून झाली, थोरली रुसून झाली. म्हातारा हलला नाही.

त्याच सुमाराला माझं घर निघालं. माझं घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पत्रे. मंडळी म्हणायची, "गावभर लोकेसना घरं बांधतस, आन आपलं घर दखा, ढग दिसना का हालाले लागस." शेवटी ठरवलं, बांधू. साडूभाऊ म्हणाले, नकाशा माझा. आणि त्यांनी आबांची उंची विचारायला प्रकाशाला फोन केला.

आता ती खाट कॉम्प्युटरात कशी निघायची ते सांगितलं पाहिजे. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो, म्हणजे फार वेळ लागणार नाही. त्यांच्या जुन्या प्रोग्रामात पडद्याच्या उजव्या बाजूला नावांची एक उभी यादी असायची, आपल्या हॉटेलात भिंतीवर असते तशी. रेघ, गोल, पुसा, असं काय काय. त्या यादीत खाली साडूभाऊंनी स्वतःची नावं घातली होती: रांजण, जातं, तुळस, बैल, आणि सगळ्यात वर खाट. खाटेवर टिचकी मारली की कॉम्प्युटर विचारायचा, लांबी? उंची सांगितली की आधी चौकट निघायची, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा, आणि मग त्या दोन रेघांना धरून सुतळी विणली जायची, भराभरा, एक एक दोरी. ते बघायला मी मुद्दाम जायचो. मी घरी खाट विणायला बसलो तर दोन दिवस लागतात आणि मध्ये झोळ राहतो तो वेगळा. कॉम्प्युटरच्या खाटेला झोळ नसायचा. साडूभाऊंनी आबांच्या मापाची खाट टाकली, ओसरीत, पूर्वेच्या बाजूला, आणि तिच्याभोवती माझं घर काढलं. मी म्हटलं, "आबा येतील?" ते म्हणाले, "जागा ते करू. मंग दखू."

आणि नकाशा कागदावर निघायच्या आधी त्यांचा कॉम्प्युटर गेला. वर्षानुवर्षं मिरची हुंगून त्याचा पंखा बसला. नवीन कॉम्प्युटर आणला तर जुना प्रोग्राम त्याच्यावर चालेना. तो बसवायला आलेला माणूस म्हणाला, "काका, प्रोग्रामही नवीन घ्या, यात किती गोष्टी वाढवल्यात बघा." आणि तो भराभरा दाखवायला लागला. साडूभाऊंनी हात वर केला. "नवं काय ते सारा सांगतस. काढं काय, ते पयले सांगा."

असं त्या माणसाला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. "काका, काढलंय ते कशाला बघता?"

"मन्हा सामान कोनी नेयं ते दखू नको का मी?"

त्यानंतरचे दिवस आमचे साडूभाऊ इतके खूश मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितले नव्हते. ते जेवायचं विसरले. ती उभी यादी गेली होती. तिच्या जागी वर एक लांबलचक पट्टी, तिच्यावर बारीक बारीक चित्रं. मी म्हटलं, यादी गेली कुठे? काढून टाकली म्हणजे टाकली कुठे? आमच्या धंद्यात काढलेल्याचा ढीग होतो, तो ट्रॅक्टरनं उचलावा लागतो. ते म्हणाले, "हाऊच ते सवाल शे, मिस्तरी." मग त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातानं जुन्या कामांची नावं टाइप करून बघायला लागले. पडद्यावर ज्याचं चित्र नाही, नाव नाही, असं एक नाव टाइप केलं, आणि काम झालं! ते उडालेच. म्हणाले, "देख, काढेल नही. लपाडेल शे." म्हणजे नव्या घरात म्हातारं माणूस असतं, पण मागच्या खोलीत, पाव्हण्यांपुढे येत नाही, नाव घेऊन हाक मारली तर 'ओ' देतं. मग त्यांनी दोन ढीग केले. एक खरंच काढलेल्यांचा आणि एक मागच्या खोलीत ठेवलेल्यांचा. रोज संध्याकाळी मला फोन: "मिस्तरी, आज एक आखो जित्तं निंघनं!" मला काय निघालं ते कळायचं नाही, पण कोणीतरी जिवंत सापडलं याचा मलाही आनंद व्हायचा. मी मंडळीला सांगायचो. ती विचारायची, कोण? मी म्हणायचो, माहीत नाही.

खाटेनं मात्र 'ओ' दिली नाही. खाट विणणारं जे काही होतं ते नव्या प्रोग्रामाला समजेना. साडूभाऊ तिला हाका मारून दमले. आणि इथं एक गोष्ट अशी झाली की ज्या माणसानं आयुष्यभर गेलेली वस्तू सगळ्यात आधी बघितली, त्याला हातातल्या कागदावर ती दिसली नाही. माझा नकाशा जुन्यातून वाचला होता, तो त्यांनी नव्या कॉम्प्युटरवर उघडला, छापला, गुंडाळला आणि मला दिला. त्या ओसरीतली खाट त्यांच्या डोळ्यांनी इतक्या वेळा बघितली होती की कागदावर नसली तरी त्यांच्या डोळ्यांनी ती विणून घेतली असणार. कागदावर होती फक्त चौकट, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा. सुतळी गळून गेली होती.

आता आमच्या धंद्यातलं एक सांगतो. नकाशात चौकोन आणि चौकोनात फुली असली की त्याचा अर्थ, वर स्लॅब नाही, आकाशाला उघडं ठेवायचं. मी कागद पसरला आणि बघितलं, माझ्या ओसरीत फुली. विणलेली खाट असती तर मी झोपेतही ओळखली असती. पण ही फुली. क्षणभर वाटलं, आबांची खाट विसरले की काय? आणि मग मला गहिवरून आलं. म्हटलं, बघा, सख्ख्या साडूच्या घराला त्यांनी काहीतरी खास दिलं. बंगल्यांत असतं तसं. विचारायला फोन उचलला आणि खाली ठेवला. म्हटलं, त्यांना मला चकित करायचं असेल, कशाला विचका करा?

सेंट्रिंगवाला म्हणाला, "मिस्तरी, आठे भोक कशाले?"

"नकाशामा शे."

"पन आठून पानी यी ना!"

"नकाशामा पानी नही."

मंडळी येऊन बघून गेली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवो, आभाय ते भाहेरबी शे. ते घरमा कशाले आनतस?" मी तिला म्हटलं, शिकलेल्या लोकांचं तुला काय कळतं. जणू मी शिकलेल्यांत बसतो.

स्लॅब पडला. सेंट्रिंग निघालं. आणि माझ्या ओसरीच्या छताला आबांच्या मापाचं, अगदी सुबक, कडा गुळगुळीत केलेलं भोक. रनाळ्यात बातमी फिरायला वेळ लागत नाही. लोक बघायला आले. कोणी म्हणालं, मिस्तरीनं वर जायची सोय आत्तापासून करून ठेवली. कोणी म्हणालं, खाटेसकट उचलायचं असेल. मी सगळ्यांना सांगत होतो, ही नवीन पद्धत आहे, नंदुरबारला आता सगळीकडे असंच होणार.

साडूभाऊ आले ते थंडीतल्या एका सकाळी. ओसरीत पाऊल ठेवलं, वर बघितलं, आणि बराच वेळ खाली बघितलंच नाही.

"मिस्तरी, हाई काय शे?"

"तुम्हीच दिधं ना!"

"मी?"

मी कागद आणून जमिनीवर पसरला आणि फुलीवर बोट ठेवलं. ते उकिडवे बसले. कागद बघितला, भोक बघितलं, परत कागद बघितला. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, आणि ओरडायलाच पाहिजे. तर ते हळूच म्हणाले, "सुतयी गयी." आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली. "मिस्तरी! मी सारी दुनियाना ढीग कया, आन मन्हीच खाट माले दिसनी नही!" ते हसायला लागले. मी पण हसलो, कारण त्यांनी हसल्यावर हसायचं हेही मी न विचारताच करतो. मंडळी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "हासानं व्हयनं व्हई ते बुजी टाका. घरभरनीले आबा येवाव शेतस. आख्खं गाव हासस, त्यासले काय दखाडू?"

मी म्हटलं, दोन दिवसांत बुजवतो. तेवढ्यात साडूभाऊ म्हणाले, "थांब." भोकातून ऊन खाली आलं होतं. ओसरीच्या फरशीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता, पडला होता तो भोकाच्या बरोबर खाली नाही, जरा बाजूला, पण माप तेच. आबांच्या खाटेचं. आणि तो सरकत होता. साडूभाऊंनी माझ्याकडून खडू मागितला आणि दिवसभर तिथं बसून ते ऊन कुठून कुठे जातं ते आखत राहिले. सकाळी भिंतीवर, मग फरशीवर, मग हळूहळू दुसऱ्या टोकाला. मंडळीनं जेवायला वाढलं तर ताटही सरकवत सरकवत जेवले. निघताना म्हणाले, "बुजू नको. घरभरनी व्हवू दे."

घरभरणीला आबा आले. हातात काठी, पिशवीत पाण्याची बाटली. पूजा झाली, पाव्हणे जेवले. आबा सवयीप्रमाणं दाराशी काठी टेकून उभे, कोणाच्या वाटेत नको म्हणून. मंडळी दोनदा म्हणाली, "आबा, बठा ना," ते म्हणाले, "दिन बुडाना पयले निंघसू, माय. बठाना काय?" थोरली स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तिचा चेहरा असा की आता रडेल. आणि साडूभाऊंनी माझ्या मदतीनं आतल्या खोलीतून खाट बाहेर काढली. आबांचीच, प्रकाशाहून आदल्या दिवशी टेम्पोत आणलेली. ती त्यांनी त्या उन्हाच्या चौकोनात टाकली. चारी पाय चारी कोपऱ्यांवर बसले.

थंडीचे दिवस. म्हातारा माणूस. ऊन बघितल्यावर आबांचे पाय आपोआप तिकडे वळले. बसले. पाठ उन्हाला दिली. मग एकदम आठवण झाल्यासारखे उठायला लागले.

साडूभाऊ म्हणाले, "आबा, वर दखा. काय दिसस?"

"सूर्य दिसस. डोया दिपतस."

"तुम्हना आन सूर्यना मधमा छत शे का?"

आबांनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. ते कोणाच्या शब्दावर जाणारे नव्हते. "नही," म्हणाले.

"मंग तुम्ही लेकना छतखाले कोठे शेतस?"

मंडळीच्या हातात भांडं तसंच. आबा वर बघत राहिले, मग खाली फरशीकडे, मग साडूभाऊंकडे. "जवाई, तुम्हनं डोकं वकीलनं शे." मग माझ्याकडे वळले. "आन मिस्तरी, तुम्हले डोकं नही, हाई बरं व्हयनं."

माझ्या आयुष्यात माझ्या कामाची एवढी तारीफ कोणी केली नाही.

त्या दिवशी दिवस बुडाला आणि आबा निघाले नाहीत. ऊन गेल्यावर काय, हा प्रश्न त्यांनीच काढला आणि त्यांनीच सोडवला: ऊन नसलं की खाट भोकाच्या बरोबर खाली, ऊन आलं की उन्हाच्या मागे. पावसाच्या आधी मी वर जाड पारदर्शक शीट बसवलं, बिजागरीचं, उघडता येणारं. मला भीती, आता म्हणतील हे छत झालं. आबा म्हणाले, "पातेलावर झाकन ठेवं म्हंजे त्याले घर म्हनतस का?" त्यानंतर आमच्या घरात छतावर चर्चा झाली नाही. पाण्याच्या बाटलीवर मात्र ते अडून होते. मग एक दिवस बाटली रिकामी होती आणि मंडळीनं न बोलता तांब्या खाटेच्या कडेला ठेवला, उन्हाच्या आत. आबांनी तांब्याकडे बघितलं, वर बघितलं, आणि प्यायले.

आखाजीला तर गंमतच झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. थोरली नंदुरबारहून डोक्यावर पदर घेऊन, पिशवी घेऊन, माझ्या घरी माहेराला आली. आबा जिथं, तिथं माहेर. माझी मंडळी घरातच माहेरवाशीण झाली आणि कामाला हात लावेना. दोघी बहिणी झोका बांधून बसल्या आणि पुरणपोळ्या मी लाटल्या. पुरणपोळ्यांना आकार कोणता होता ते विचारू नका. साडूभाऊंनी एक हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "हाई कोना प्लॉट शे?"

नव्या प्रोग्रामात साडूभाऊंनी ती खाट परत कधी केलीच नाही. मी विचारलं, येत नाही का? म्हणाले, येते. पण ते आता नुसता चौकोन काढतात आणि आत फुली. मग कुठून कुठून गवंड्यांचे फोन येतात, साहेब, इथं भोक ठेवू का? आणि हे त्यांना विचारतात, घरात म्हातारं कोण आहे, आणि एका फुलीवर अर्धा अर्धा तास बोलत बसतात. आधी कॉम्प्युटर विणायचा ते आता ते फोनवर विणतात.

गेल्या थंडीत आबा गेले. उन्हातच, खाटेवर, दुपारच्या वेळेला. खाट उन्हाबरोबर सरकवायला मंडळी आली तर ऊन पुढे गेलं होतं आणि आबा सावलीत होते, आणि त्यांनी हाक मारली नव्हती. दिवसपाणी झाल्यावर शालक येऊन खाट प्रकाशाला घेऊन गेला. आता त्याच्याकडे तिला जागा झाली म्हणे, हॉलमध्ये.

साडूभाऊ आले. मी त्यांच्याकडे बघत होतो. काही गेलं की यांच्या डोळ्यांत चमक येते हे मला माहीत, आणि त्या दिवशी ती आली असती तर मला आवडली नसती. आली नाही. ते ओसरीत उन्हाच्या चौकोनाशेजारी बसले. चौकोन सरकला की तेही सरकत होते. खाटेचे पाय रोज ओढून ओढून फरशीवर चार चरे पडले आहेत, भिंतीपासून दुसऱ्या टोकापर्यंत, जरा वाकडे, कारण ओढायला बहुतेक मी असायचो. साडूभाऊंनी त्यांतल्या एकावरून बोट फिरवत नेलं, जिथं तो संपतो तिथपर्यंत. तिथं बोट थांबलं. मीच म्हटलं, "साडूभाऊ, काढेल शे का लपाडेल शे?" मला वाटलं, हसतील. त्यांनी फक्त मान हलवली. कुठल्या बाजूला ते मला अजून कळलेलं नाही.

परवा मंडळी म्हणाली, "ओसरीनी फरशी खराब व्हई गयी. पांढरी चकचकीत टाइल बसाडूत." मला पटलं. फरशीवाला बोलावला, नमुने मांडले. साडूभाऊ सहज आले होते, चहा घेत होते. नमुने बघून म्हणाले, "चांगल्या शेतस. बसाड." मग कप खाली ठेवला, उन्हात. "पन मिस्तरी, काढशी काय, ते पयले सांग."

मी फरशीकडे बघितलं. मंडळीनंही बघितलं. मग नमुने उचलून फरशीवाल्याच्या हातात दिले, आणि मोरीला बसवायला किती लागतील ते विचारायला लागली.